बॉयलरची बटणं आणि डब्याचा भाव



"सर, डब्याचा भाव पाऊण पौंडानं वाढवतेय. गॅसचं बिल आता परवडत नाही."

हिवाळ्यातल्या आपल्या रविवारच्या ऑनलाइन बॅचमध्ये एका ताईंनी हे सांगितलं. ताई मूळच्या साताऱ्याच्या, आता इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात. मिस्टर नोकरीला, मुलं शाळेत, आणि ताई घरातून मराठी जेवणाचे डबे देतात. सोमवार ते शनिवार, रोज अठरा डबे. पोळी, भाजी, आमटी, भात, शनिवारी काहीतरी गोड.

मी विचारलं, "ताई, बिलातला किती गॅस डब्यांना लागतो?"

"किती म्हणजे? सगळाच की. दुसरं काय आहे घरात गॅसवर?"

"घर कशावर गरम होतं?"

"बॉयलरवर."

"आणि बॉयलर कशावर चालतो?"

ताई दोन सेकंद गप्प. मग स्वतःच हसल्या. "गॅसवर, सर."

मी पुढचा प्रश्न टाकला. "बॉयलरवर बटणं किती आहेत?"

"दोन. पण मी हात नाही लावत. बसवणारा लावून गेला तशीच आहेत. काही बिघडलं तर?"

मित्रांनो, आजचा विषय इथूनच सुरू होतो. तुम्ही म्हणाल, आम्ही नाशिकला, कोल्हापूरला बसलोय, आमच्याकडे कुठला आलाय घर गरम करणारा बॉयलर? बरोबर आहे. पण परदेशात राहून घरगुती धंदा करणारे आपले बरेच प्रेक्षक आहेत, त्यांना हा लेख थेट कामाचा आहे. आणि बाकीच्यांनो, तुमच्याही धंद्यात एक "बॉयलर" आहे. कुणीतरी एकदा लावून दिलेलं, तुम्ही कधी न तपासलेलं बटण. शेवटपर्यंत वाचा, ते सापडेल.

आधी यंत्र समजून घेऊ

आपल्याकडे बॉयलर म्हटलं की साखर कारखान्याचं धुराडं आठवतं, नाहीतर आजीच्या घरचा तांब्याचा बंब. इंग्लंडमधल्या घरातला बॉयलर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेलं कपाटाएवढं पांढरं खोकं. नाव बॉयलर, पण पाणी उकळत नाही. फक्त तापवतो.

आत गॅस जळतो. त्यावर पाणी तापतं. पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. प्रत्येक खोलीत, बहुतेक खिडकीखाली, लोखंडी पत्र्याचा एक चपटा रेडिएटर असतो. गरम पाणी त्यातून फिरतं, खोलीला उष्णता देतं, आणि थोडं गार होऊन परत बॉयलरकडे येतं. पुन्हा तापतं, पुन्हा निघतं. हे पाणी बंद वर्तुळात फिरत राहतं.

ताईंकडे आहे त्याला कॉम्बी बॉयलर म्हणतात. तो रेडिएटरचं पाणीही तापवतो आणि अंघोळीचं, भांड्यांचं पाणीही. नळ उघडला की त्याच क्षणी तापवून देतो, टाकीत साठवत नाही.

म्हणजे एका खोक्यामागे तीन वेगवेगळी तापमानं आहेत. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं, नळाच्या पाण्याचं आणि खोलीतल्या हवेचं. प्रत्येकाचं बटण वेगळं. सगळा घोळ होतो तो ही तीन एकच समजल्यामुळे. थंडी वाजली की माणूस हाताला लागेल ते बटण पूर्ण वर फिरवतो आणि बिल आल्यावर सरकारला शिव्या देतो.

बटण पहिलं: रेडिएटरचं चित्र असलेलं

हे बटण खोलीचं तापमान ठरवत नाही. बॉयलरमधून निघणारं पाणी किती अंशांवर निघेल, एवढंच ते ठरवतं. याला फ्लो टेंपरेचर म्हणतात. ताईंच्या बॉयलरवर ते ७५ वर होतं.

७५ का? कारण बसवणाऱ्याला "घर गरम होत नाही" असा फोन परत यायला नको असतो. वर लावून दिलं की तक्रार नाही. बिल तो थोडाच भरणार आहे!

आता इथे थोडं विज्ञान. घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच आहे.

गॅस जळला की उष्णतेबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक घनमीटर गॅस जळाला तर त्यातून साधारण दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात निघतं. आणि वाफेत किती उष्णता दडलेली असते हे कुकरची वाफ हातावर घेतलेल्या कुठल्याही बाईला विचारा. गॅसच्या एकूण उष्णतेचा साधारण दहावा भाग या वाफेत असतो. जुन्या बॉयलरमध्ये तो धुराड्यातून सरळ बाहेर जायचा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर तो कंडेन्सिंग प्रकारचा असावा असा नियम आला. म्हणजे वाफेला आतच गार करून तिचं पाणी करायचं आणि तिच्यातली उष्णता परत मिळवायची. भातावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसंच.

पण झाकणाला थेंब कधी धरतात? झाकण वाफेपेक्षा गार असेल तेव्हा. बॉयलरमध्ये झाकणाचं काम करतं ते रेडिएटरमधून परत आलेलं पाणी. ते साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी व्हायला लागतं, आणि जितकं गार तितकं जास्त. तुम्ही पाणी ७५ वर पाठवलं तर ते ६० किंवा ६५ वर परत येणार. थेंब धरणारच नाहीत. ६० वर पाठवलं तर ते ४५-५० च्या आसपास परत येतं, आणि तुम्ही ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण काम करायला लागतो.

म्हणजे बघा. कंडेन्सिंग बॉयलर विकत घेतला, बिलात त्याचे पैसे दिले, पण ७५ वर ठेवला तर तो बराच वेळ जुन्या बॉयलरसारखाच वागतो.

डिसेंबर २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला होता तेव्हा, ब्रिटिश सरकारनं लोकांना हेच सांगितलं होतं: हे तापमान ७५ वरून ६० वर आणा, वर्षाला साधारण १०० पौंड वाचू शकतील. आणि इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नवी हीटिंग व्यवस्था बसवताना ती ५५ किंवा त्याहून कमी अंशांवर चालेल अशीच आखावी, असा बांधकामाचा नियम आहे.

मग सगळ्यांनी डोळे मिटून ४० वर ठेवायचं का? नाही. कारण पाणी कोमट झालं की रेडिएटर उष्णताही कमी देतो. पाणी ७५ वर जाऊन ६५ वर परत येत असेल तेव्हा रेडिएटर जेवढी उष्णता देतो, तिच्या साधारण ६३ टक्केच तो ६० वर जाऊन ५० वर परत येताना देतो. खोली तापायला वेळ लागतो. म्हणून हीटिंग अर्धा-पाऊण तास आधी सुरू करावं लागतं आणि जास्त वेळ सुरू राहतं. कडाक्याच्या थंडीत, हवा शिरणाऱ्या जुन्या घरात ६० पुरणारही नाही. तेव्हा ६५ करा. बटण आहे, दगडावरची रेघ नाही.

ताईंना हे एका वाक्यात पटलं. मी म्हटलं, "चकली मोठ्या आचेवर तळली तर?"

"वरून लाल, आतून कच्ची."

"घरही मंद आचेवर तळायचं, ताई."

बटण दुसरं: नळाचं चित्र असलेलं

हे अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचं. ताईंकडे ते ६० वर होतं. आता ६० अंशांच्या पाण्यात हात घालता येतो का? नाही. मग आपण काय करतो? गार पाणी मिसळतो. म्हणजे आधी पैसे देऊन तापवायचं आणि मग गार करायचं! अंघोळीला आपल्याला चाळीसच्या आसपासचं पाणी लागतं. कॉम्बी बॉयलरमध्ये हे बटण ५० च्या जवळ ठेवलं तरी पुरतं. ताईंना डब्यांची तेलकट पातेली घासायची असतात, म्हणून आम्ही ५० ठरवलं, त्याखाली नाही.

इथे एक गंमत सांगतो. पुण्यातल्या बाथरूममधला इन्स्टंट गीझर साधारण ३ किलोवॅटचा. तो पाणी २० अंशांनी तापवून मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो, म्हणून धार बारीक. इंग्लंडमध्ये नळाला येणारं पाणीच इतकं गार की मिनिटाला दहा लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर चोवीस किलोवॅट लागतात. म्हणून घरातला बॉयलर एवढा ताकदवान घेतात. पण घर गरम ठेवायला तेवढी ताकद बहुतेक वेळा लागतच नाही. ट्रकनं कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणल्यासारखं होतं. पाणी फार तापवायला सांगितलं की हा ट्रक सुरू, बंद, सुरू, बंद करत राहतो आणि इंधन फुकट जातं. पहिलं बटण खाली आणायचं हेही एक कारण.

काही कॉम्बी बॉयलरमध्ये प्रीहीट नावाची सोय असते. नळ उघडल्या उघडल्या गरम पाणी यावं म्हणून तो थोडं पाणी दिवसभर तापवून ठेवतो, कुणी नळ उघडो न उघडो. ती बंद केली तर गरम पाण्यासाठी थोडं थांबावं लागतं, पण दिवसभराचा फुकटचा जाळ थांबतो. काही बॉयलरवर त्याला इको म्हणतात.

आता महत्त्वाचा इशारा. तुमच्या घरात गरम पाण्याची टाकी असेल, तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यातून न्यूमोनियासारखा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून टाकीतलं पाणी ६० अंश किंवा त्याहून वरच ठेवायचं असतं. आणि टाकी ६० पर्यंत तापवायची तर बॉयलरमधून निघणारं पाणी त्याहून गरमच हवं. टाकी असेल तर आधी मेकॅनिकला विचारा, मगच बटण फिरवा.

बटण तिसरं: भिंतीवरचा थर्मोस्टॅट

हा बॉयलरवर नसतो. बैठकीच्या खोलीत नाहीतर पॅसेजमध्ये भिंतीवर असतो. खोलीच्या हवेचं तापमान मोजतो आणि बॉयलरला सांगतो, "गरम कर" किंवा "पुरे".

साधा थर्मोस्टॅट म्हणजे चालू-बंद करणारा स्विच. घर १६ अंशांवर असताना तुम्ही तो २० वर ठेवा नाहीतर २८ वर, घर तापण्याचा वेग तोच राहतो. फरक एवढाच की २८ वर ठेवलात तर २० झाल्यावर तो थांबत नाही. मग तुम्ही घामेजून खिडकी उघडता.

हसू नका! आपणही एसी लावताना तेच करतो. बाहेरून आलो की १६ वर. त्यानं खोली लवकर गार होते असं वाटतं. बहुतेक साध्या एसीत तसं काही होत नाही, तो फक्त उशिरा थांबतो. म्हणूनच भारतात १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर यावा असा नियम केला आहे. लोक सहसा बटण बदलत नाहीत. म्हणून पहिल्यांदा कुणी काय लावून दिलं, तेच वर्षानुवर्षं चालतं.

इंग्लंडमध्ये बहुतेक घरं १८ ते २१ अंशांच्या दरम्यान ठेवतात. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर वरच्या बाजूला राहा. बचतीसाठी त्यांना थंडीत बसवायचं नाही.

आणि रेडिएटरच्या कोपऱ्यावरची छोटी चकती

ताई म्हणाल्या होत्या बटणं दोन. तिसरं भिंतीवर निघालं. चौथी निघाली रेडिएटरवर. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला १ ते ५ आकडे असलेली फिरकी असते. हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. ३ म्हणजे साधारण २० अंश. आत मेण किंवा द्रव भरलेली छोटी डबी असते. खोली तापली की ते फुगतं आणि झडप दाबून गरम पाणी अडवतं. वीज नाही, वायर नाही.

ही फिरकी कुणी शोधली ठाऊक आहे? डेन्मार्कच्या माड्स क्लाउसेन यांनी. १९३३ साली आईवडिलांच्या शेतावरच्या घरात, माळ्यावर, त्यांनी धंदा सुरू केला. बनवत काय होते? फ्रिजच्या यंत्रणेतली झडप. थंड करणाऱ्या यंत्रात द्रव नेमका किती सोडायचा, हे त्यांना पक्कं कळलं होतं. १९४३ मध्ये तीच समज गरम करणाऱ्या रेडिएटरला लावली. त्या माळ्यावरच्या धंद्याची पुढे डॅनफॉस ही जगभर पसरलेली कंपनी झाली. नवं उत्पादन शोधताय? आधी बघा, तुम्हाला आधीच नीट येणारी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या अडचणीला लागू पडते का.

परत ताईंकडे. मी विचारलं, "स्वयंपाकघरातली फिरकी कितीवर आहे?"

त्या फोन घेऊन बघायला गेल्या. "पाचवर."

"आणि चार शेगड्या पेटल्यावर तुम्ही काय करता?"

"खिडकी उघडते. भाजून निघतं हो."

झालं! थर्मोस्टॅट बाहेरच्या थंड पॅसेजमध्ये. त्याला वाटतंय घर गार आहे, तो बॉयलरला "गरम कर" सांगतोय. स्वयंपाकघरात शेगड्यांची धग, रेडिएटर पूर्ण उघडा आणि खिडकीही उघडी. ताई रोज सकाळी तीन तास रेडिंगचं आकाश गरम करत होत्या.

एक नियम मात्र लक्षात ठेवा. ज्या खोलीत भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे, तिथल्या रेडिएटरची फिरकी पूर्ण उघडी ठेवायची. नाहीतर फिरकी म्हणते पुरे, थर्मोस्टॅट म्हणतो आण, आणि बॉयलर थांबतच नाही.

ताईंचा प्रयोग

लगेच बटणं फिरवायला मी ताईंना मनाई केली. पहिले दोन आठवडे फक्त वही. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या: मीटरचं रीडिंग, बाहेरचं तापमान, आज डबे होते की नाही. थंडी रोज सारखी नसते, म्हणून बाहेर साधारण ४ ते ६ अंश असलेले दिवसच एकमेकांशी ताडून पाहायचे.

आकडे आले. डब्यांच्या दिवशी घरात सरासरी ६६ युनिट गॅस जळत होता. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. रविवारी, डबे नसताना, ६१.

फरक किती? पाच युनिट!

ताईंचा दर युनिटला साधारण साडेसहा पेन्स. पाच युनिटचे झाले साडेबत्तीस पेन्स. भागिले अठरा डबे. एका डब्याला गॅस दोन पेन्सपेक्षा कमी. आणि त्या भाव वाढवणार होत्या पंचाहत्तर पेन्सनं, "गॅस परवडत नाही" म्हणून.

बॅचमध्ये सगळे शांत. ताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे सर, मी घराच्या हीटिंगचं बिल गिऱ्हाइकाच्या डब्यात घालत होते."

मित्रांनो, हे वाक्य लिहून ठेवा. घरातून धंदा करणाऱ्या दहापैकी नऊ जणांना मी हे करताना बघितलंय. घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच पाकिटात, आणि मग भाव ठरतो अंदाजानं.

त्यानंतर बटणं. एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर एक आठवडा नोंद. आधी स्वयंपाकघरातली फिरकी पाचवरून एकवर आणि खिडकी बंद. मग प्रीहीट बंद, नळाचं पाणी ५० वर. मग रेडिएटरचं पाणी ७५ वरून ६५ आणि पुढच्या आठवड्यात ६०. सगळं एकदम फिरवलं असतं तर कशानं काय झालं हे कधीच कळलं नसतं.

६० वर आणल्यावर पहिल्या दिवशी मुलं कुरकुरली, सकाळी खोली गार होती. ताईंनी हीटिंग पाऊण तास आधी सुरू व्हायला लावलं. कुरकुर थांबली. बॉयलरखालच्या प्लास्टिकच्या नळीतून पाणी ठिबकताना दिसायला लागलं तेव्हा त्यांनी घाबरून मला फोटो पाठवला. मी म्हटलं, "ताई, हीच ती वाफ. आता ती तुमच्या कामाला लागलीय."

महिनाअखेर डब्यांच्या दिवसाचा आकडा आला ६० युनिट. म्हणजे दिवसाला सहा युनिट कमी, महिन्याला साधारण बारा पौंड. फार मोठी रक्कम नाही, हे मान्य. पण एक पैसा न गुंतवता, नुसतं समजून घेऊन मिळालेली आहे, आणि प्रत्येक हिवाळ्यात मिळत राहणार आहे.

खरी कमाई वेगळीच झाली. पैसा गॅसमध्ये जात नाही, मग जातो कुठे? वही हातात होतीच. ताईंनी डिलिव्हरीची वेळ लिहायला सुरुवात केली. अठरापैकी पंधरा डबे वीस मिनिटांत पोचत होते. उरलेल्या तीन डब्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यायला पन्नास मिनिटं आणि पेट्रोल. तोटा तिथे होता! सगळ्यांचा भाव पाऊण पौंडानं वाढवण्याऐवजी ताईंनी त्या तिघांना रोजचा एक पौंड डिलिव्हरी चार्ज सांगितला. दोघं हो म्हणाले, एकानं डबा बंद केला. बाकीच्या पंधरांना एक पैसाही जास्त द्यावा लागला नाही. चुकीच्या कारणानं भाव वाढवला असता तर त्या पंधरांतले किती टिकले असते?

कुठे हात लावायचा, कुठे नाही

* बॉयलरच्या पुढच्या बाजूची बटणं, भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या फिरक्या तुमच्या. त्या तुमच्यासाठीच दिलेल्या आहेत.
* बॉयलरचं झाकण उघडून आतल्या गॅसच्या कामाला हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये ते काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या माणसानंच करायचं असतं.
* बदल करण्याआधी आत्ताच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. आवडलं नाही तर परत तिथेच आणता येतं.
* टाकी असेल तर वरचा इशारा पुन्हा वाचा.

आता तुमच्या धंद्याकडे या

गीझर दुरुस्त करणारे, सोलर वॉटर हीटर बसवणारे, एसी सर्व्हिसिंग करणारे बरेच जण हा ब्लॉग वाचतात. तुम्हाला एक सरळ प्रश्न. काम संपल्यावर तुम्ही गिऱ्हाइकाला बटणं समजावून सांगता का?

ताईंच्या घरी बॉयलर बसवणाऱ्यानं पाच मिनिटं जास्त थांबून एवढंच सांगितलं असतं की हे रेडिएटरचं, हे नळाचं, हे खोलीचं, तर ताईंनी त्याचं नाव अख्ख्या मराठी ग्रुपमध्ये सांगितलं असतं. आज त्यांना त्याचं नाव आठवतसुद्धा नाही. काम चोख केलं त्यानं, पण समजावलं नाही. म्हणून पुढचं काम गेलं.

एक पोस्टकार्डाएवढं कार्ड छापा. कोणतं बटण कशाचं, उन्हाळ्यात कितीवर, हिवाळ्यात कितीवर, आणि खाली तुमचा नंबर. यंत्राशेजारी चिकटवून या. आपल्याकडे किती घरांत सोलर असूनही त्याच्या टाकीतला विजेचा हीटर बारा महिने चालू असतो, कारण त्याचा स्विच कोणता हेच घरात कुणाला सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा. ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.

आणि ज्यांचा धंदा वेगळा आहे त्यांच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ:

१. तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणारं एक बिल घ्या. वीज, पेट्रोल, भाडं, काहीही.
२. त्यातलं घराचं किती आणि धंद्याचं किती, हे चौदा दिवस वहीत लिहून काढा. अंदाज नको, रीडिंग हवं.
३. जो आकडा येईल त्याला तुमच्या मालाच्या नगांनी भागा. एका डब्याला, एका ब्लाउजला, एका केकला किती पडतं?
४. "आधीपासून तसंच आहे" असं ज्याबद्दल तुम्ही म्हणता, ते एक बटण शोधा. ते कुणी लावलं होतं, कशासाठी, आणि आज ते कारण उरलंय का?
५. एकच बदल करा. आठवडाभर मोजा. मगच दुसरा.

भाव वाढवायला माझा विरोध नाही. धंद्यात भाव वाढवावाच लागतो. पण गिऱ्हाइकानं "का हो वाढवला?" विचारलं, तर तुमच्याकडे वहीतलं उत्तर हवं. ताईंकडे आता ते आहे. परवाच त्यांचा मेसेज आला: "सर, थंडी संपली, हीटिंग बंद केलं. वही मात्र चालू आहे."

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर मोजत राहा, वाढत राहा!